प्राईस आणि प्राईझ

इंग्रजीतले दोन शब्द मी आयुष्यात नीट शिकलो. प्राईस आणि प्राईझ. बाकीची इंग्रजी कामापुरती आली, ट्रकवाल्यांकडून, बँकेतल्या साहेबांकडून, पुढं मोबाईलवरून. ती कुणी शिकवली नाही, अंगाला धूळ लागावी तशी लागली. हे दोन शब्द मात्र मला समोर बसवून, गळ्यावर हात ठेवायला लावून शिकवले गेले. आणि त्यांच्यापायी जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. राग धरून बसायचं वय राहिलं नाही, असं घरचे म्हणतात. खरं आहे. गुडघे दुखतात, जिना एका दमात चढवत नाही, हिंगोलीच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, माझ्या आडतीवर आता पोरगा बसतो आणि मी बाजूच्या खुर्चीत. खुर्चीत बसल्या बसल्या माणूस जुनं उकरत राहतो. त्याचाही कंटाळा येतो, पण दुसरं काम नाही.

आमचा तांडा औंढ्याच्या अंगाला, माळावर. खाली गाव आणि गावात सातवीपर्यंतची शाळा. घरात आम्ही गोरमाटी, आमची बंजारा बोली, बोलायचो. इथं ते सगळं मराठीत लिहितो आहे, कारण वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. आईला आम्ही याडी म्हणायचो आणि बापाला बा. आमची मागली माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायची, असं म्हातारे सांगत. माझ्या वाट्याला तांडा आला तेव्हा त्यातले बैल तेवढे उरले होते आणि तेही दुसऱ्यांचे होते. बा हेड्या होता. म्हणजे बैलबाजारात एकाचा बैल दुसऱ्याला जमवून द्यायचा आणि मधल्या मधे आपलं काही सुटेल ते बघायचं. घरची जमीन होती, पण तिच्यात दगड जास्त पिकायचे. याडी दुसऱ्यांच्या रानात हळदीच्या कामाला जायची. काढणीच्या दिवसांत हळद शिजवायच्या कढया पेटल्या की त्या वाफेचा उग्र, मातकट वास सगळ्या शिवारावर बसायचा. संध्याकाळी याडी घरी यायची ती कोपरापर्यंत पिवळी होऊन. भाकरी थापायची तर भाकरीच्या कडेला पिवळी बोटं उमटायची. अंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल, ठेचा आणि ती पिवळ्या कडेची भाकरी. आज माझ्या घरात जेवणात काय काय असतं, पण डॉक्टरनं त्यातलं निम्मं बंद केलं आहे, त्यामुळं त्याचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही.

बाचा खरा धंदा त्याच्या उजव्या हातात होता. बैलाचा सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहायचे, हातावर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, त्यावरून भाव. भोवती दहा माणसं उभी असली तरी त्यांना फक्त रुमाल हललेला दिसायचा. तोंडानं मात्र भलतंच चाललेलं असायचं. पोरीला स्थळ बघून राहिलो, यंदा ज्वारी काळी पडली, तुमच्या गावची विहीर लागली का, असं. बाचं तोंड हसत असायचं आणि हात भांडत असायचा. त्याची एक रीत होती, आणि ती सगळ्या बाजाराचीच रीत होती. पहिल्या बोलीला हात काढून घ्यायचा. बोली कितीही चांगली असो. पहिल्या बोलीला जो राजी होतो त्याच्या बैलात खोड आहे, असं समोरचा धरून चालतो. हात काढायचा, मान हलवायची, 'न्हाई जमत' म्हणायचं, आणि चालू लागायचं. पण पाय जड टाकायचे. समोरचा मागून हाक मारतो. हाक आली की वळायचं. मग खरा सौदा सुरू.

हे बानं आम्हाला शिकवलं ते जेवताना. बाजारातून येताना तो कधी गुळाचा खडा आणायचा, कधी शेव. जेवणं झाली की खांद्यावरचा रुमाल हातावर टाकून आमच्यापुढं हात करायचा. आम्ही रुमालाखाली त्याची बोटं चाचपायची आणि तो किती वाटा देतो ते ओळखायचं. जो पहिल्याच वेळी 'घेतो' म्हणेल त्याला एवढासा तुकडा मिळायचा. वर बोलणी मिळायची ती वेगळीच. थोरली बहीण भोळी होती, ती दरवेळी पहिल्याला हो म्हणायची.

"काहून घेतलं गं?" बा ओरडायचा. "म्या अजून द्यायला बसलो व्हतो की!"

"मला भूक लागलीय," बहीण म्हणायची.

"भूक लागलीय हे समोरच्याला काहून सांगते? असंच नवऱ्याच्या घरी करशील, समदे लुटतील तुला."

याडी चुलीपाशी बसून म्हणायची, "लेकरांसंग सौदा करून राहिला. बाजारात काही जमलं न्हाई वाटतं आज."

मी मात्र तयार झालो. बाचं बोट हाताला लागायचा अवकाश, माझा हात आपोआप मागं यायचा. मला विचारही करावा लागत नसे. बा याडीकडं बघून म्हणायचा, "हे पोरगं माझं हाय." एवढंच. दुसरं कौतुक त्याच्याकडून कधी ऐकलं नाही.

वाठोरे सर शाळेत आले तेव्हा मी सातवीत होतो. सर नरसीकडचे, बौद्ध घरातले. त्यांच्या घरात कॉलेजात गेलेले तेच पहिले. गावात खोली करून राहायचे, स्वतः स्टोव्हवर भात करायचे आणि तो रोज करपायचा. वर्गात करपलेल्या भाताचा वास घेऊनच यायचे. त्यांना एकच वेड होतं. सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द जोड्या जोड्यांनी शिकवायचे. ते म्हणत, दोन जुळे भाऊ ज्याला ओळखू येतात त्याला घर कळलं. आम्हाला ते सगळे सारखेच वाटायचे. पोरं मागून हसायची. मला हसू यायचं नाही, कारण बैल ओळखायचं कामही तसंच होतं. दोन पांढरे बैल दुरून सारखे, जवळ गेलं की एकाचं वशिंड वेगळं.

एक दिवस शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. फळ्यावर प्राईस आणि प्राईझ लिहिलं.

"म्हण."

मी म्हटलं. दोन्ही सारखंच म्हटलं.

"गळ्यावर हात ठेव."

"कुणाच्या?"

"तुझ्या रे बाबा. माझ्या कशाला ठेवतो, जीव घ्यायचाय का?"

मी माझ्या गळ्यावर हात ठेवला.

"आता म्हण, प्राईस. शेवटी नुसता वारा जातो की नाही? साप फुस्स करतो तसा. आता म्हण प्राईझ. 'माझं' मधला झ आहे तो. बघ, गळा गुणगुणतो का?"

गुणगुणत नव्हता. सर उठून खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा म्हणाले. किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी एकदा बोटांखाली मधमाशी बसल्यासारखं झालं. मी घाबरून हात काढला. सर एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

मग त्यांनी अर्थ सांगितला. प्राईस म्हणजे भाव. "तो दोघं मिळून ठरवतात. तुझा बा ठरवतो तसा. ओढाताण असते त्यात. आणि प्राईझ म्हणजे बक्षीस. त्यात ओढाताण नाही. देणारा देतो, घेणारा घेतो, नमस्कार करतो आणि खाली उतरतो."

"देणारा काहून देतो?" मी विचारलं.

"तू जिंकलास म्हणून."

"आणि त्याला काय मिळतं?"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "तुझ्या घरी हे असंच बोलतात का सगळे?" म्हणाले.

हे सगळं कशासाठी होतं ते आता सांगतो. हिंगोलीतल्या एका संस्थेची मोठी शाळा होती, शाळेला लागून बोर्डिंग होतं. संस्था दरवर्षी आमच्या भागातल्या शाळांची इंग्रजी शब्दांची स्पर्धा घ्यायची. पहिला येईल त्याला मॅट्रिकपर्यंत बोर्डिंगमध्ये फुकट जागा. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं. आमच्या गावात सातवीनंतर शाळाच नव्हती. तांड्यावरच्या पोरांची शाळा सातवीला संपायची आणि मग बैल नाहीतर विळा. माझ्यापुढं दोनच वाटा होत्या, ती जागा किंवा बाजार. मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते मी घरात कुणाला सांगितलं नाही, कारण हवंय म्हणून सांगायचं नसतं हे मला शिकवलेलं होतं. सरांना न सांगता कळलं होतं.

स्पर्धा शेजारच्या मोठ्या गावात झाली. शाळेपुढं मांडव, लाल जाजम, टेबल, माईक. संस्थेचे सचिव पाहुणे म्हणून आले होते. धिप्पाड माणूस, पांढरेशुभ्र कपडे, आवाज मऊ. आल्याबरोबर त्यांचा सत्कार झाला, खांद्यावर शाल आली. मांडवाच्या मागं गावातली शेतकरी माणसं गर्दी करून उभी होती, कारण त्या दिवशी तिथं बाजार होता आणि मांडवात सावली होती.

परीक्षक एकेक जोडी म्हणायचे आणि पोरांनी फरक सांगायचा. पोरं गळत गेली. शेवटी मी आणि दुसऱ्या एका शाळेचा मुलगा राहिलो. तो चांगल्या घरचा होता, बूट घातलेले होते. परीक्षकांनी प्राईस आणि प्राईझ म्हटलं. तो मुलगा म्हणाला, दोन्ही एकच, उच्चार वेगळा. मी उठलो. गळ्यावर हात ठेवला, त्यावर लोक हसले, पण मी काढला नाही. दोन्ही शब्द म्हणून दाखवले. मग अर्थ सांगितला, सरांनी सांगितला तसाच. ज्यात ओढाताण ती प्राईस. ज्यात नाही ती प्राईझ. टाळ्या पडल्या. सर मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता.

नाव पुकारलं गेलं. मी वर गेलो. सचिवांच्या डाव्या हातात कंपासपेटी होती. माईकवर ते म्हणाले, ही पेटी आणि बोर्डिंगची जागा या मुलाला. आणि त्यांनी उजवा हात पुढं केला. हात मिळवायचा असतो हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. तोवर माझ्याशी कुणी हात मिळवलेला नव्हता. मी हात दिला. तेवढ्यात ते जरा वाकले आणि त्यांच्या खांद्यावरची शाल घसरून आमच्या दोघांच्या हातांवर पडली. शालीखाली त्यांनी माझी बोटं दाबली.

माझा हात मागं आला. मान हलली. आणि समोर माईक असताना मी म्हणालो, "न्हाई जमत."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. सचिव हसतच म्हणाले, "काय नाही जमत बाळ?"

त्याला मी उत्तर दिलं. तेही बाजारातलंच. "चढा थोडं."

मांडवाच्या मागची माणसं फुटलीच. ती सगळी बैलबाजारातून उठून आलेली. कुणी ओरडलं, "साहेब, चढा की! जातिवंत हाय!" दुसरा म्हणाला, "दात बघून घ्या आधी!" तिसऱ्यानं शिटी मारली. बायका पदर तोंडाला लावून वाकल्या. मला आनंद झाला. मला वाटलं, मी काहीतरी फार चांगलं केलं. मग मी सचिवांचं तोंड बघितलं. ते लाल झालं होतं. लोक मला हसत नव्हते, त्यांना हसत होते. एवढ्या मोठ्या माणसाला भर सभेत बैल घेणारा करून ठेवलं होतं मी.

त्यांनी कंपासपेटी टेबलावर ठेवली. माईक ओढून घेतला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाले, "बक्षीस कसं घ्यावं हे ज्या घरात शिकवत नाहीत, त्या घरातल्या मुलाला शहरात नेऊन काय उपयोग? आधी संस्कार. दुसऱ्या क्रमांकाला पुढं बोलवा." वाठोरे सर खांबापासून पुढं आले. "साहेब, एक मिनिट. त्याच्या घरची रीत आहे ती, त्याला वाटलं..." "सर, बसा," सचिव म्हणाले. सरांना बसायला तिथं खुर्चीही नव्हती. ते उभेच राहिले. बूटवाल्या मुलानं पेटी घेतली, नमस्कार केला आणि खाली उतरला. बरोबर घेतली त्यानं.

हल्ली मला बक्षिसं वाटायला बोलावतात. देणगी दिली की बोलावतात. मी जातो, कारण नाही गेलं तर म्हातारा माजला म्हणतात. मी कुणाचा हात धरत नाही. पेटी असो, पुस्तक असो, पोराच्या दोन्ही हातांत ठेवतो आणि मागं सरतो. मागं एका पोरीनं पुस्तक घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं, पान फाटलेलं होतं, म्हणून मला म्हणाली, आजोबा, दुसरं आहे का. संयोजक धावत आला तिला गप्प करायला. मी त्याला सगळ्यांसमोर असं झापलं की तो पुन्हा मला बोलवेल असं वाटत नाही.

त्या दिवशी स्पर्धेहून परत येताना सर माझ्याबरोबर तांड्यापर्यंत चालत आले.  बा बाहेर बाजेवर बसला होता. सरांनी मांडवात काय झालं ते सांगायला घेतलं. मी म्हणालो ते शब्द त्यांनी सांगितले तेव्हा बा मोठ्यानं हसला. मांडी थोपटली.

"बराबर केलं," बा म्हणाला. "पहिल्यालाच काहून घ्यायचं?"

सर चिडले. त्यांना चिडलेलं मी त्या एकदाच बघितलं. "बराबर काय बराबर? जागा गेली त्याची! फुकट जागा होती, मॅट्रिकपर्यंत. चार वर्षं. पोरगं साहेब झालं असतं तुमचं."

बाचं हसू थांबलं. त्याला जागेचं ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुला जायचं व्हतं?"

 याडी दारातून म्हणाली, "जायचं व्हतं त्याला. झोपेत इंग्रजी बोलून राहिलंय लेकरू कवापासून."

बा बराच वेळ रुमालाची गाठ सोडत आणि बांधत बसला. मग म्हणाला, "सौदा मोडला तर पुन्हा बसता येतं. उद्या जातो म्या हिंगोलीला. सर, तुमी येता का?"

"मी आलो तर काम बिघडेल," सर म्हणाले. "मला बसवलंय त्यांनी आधीच."

दुसऱ्या दिवशी याडीनं भाकऱ्या बांधून दिल्या आणि आम्ही एसटीनं हिंगोलीला गेलो. मी हिंगोली पहिल्यांदा बघत होतो. स्टँडपासून सचिवांच्या घरापर्यंत बा विचारत विचारत गेला. मोठं घर, पुढं व्हरांडा, वेताच्या खुर्च्या. सचिव पेपर वाचत होते. त्यांनी आम्हाला ओळखलं, बसा म्हणाले, आतून चहा आला. बा खुर्चीवर अगदी कडेला बसला, पडेल असं वाटत होतं.

"साहेब, लेकराला समजलं न्हाई," बा म्हणाला. "माझ्यामुळं झालं ते. म्याच तसं शिकवलं. माफी करा."

बानं कुणाची माफी मागितलेली मी ऐकली नव्हती. 

"लेकरू आहे, मला राग नाही," सचिव म्हणाले. "पण जागा भरली आता. संस्थेला नियम असतात."

"त्याला कोपऱ्यात झोपू द्या साहेब. जागा लागत न्हाई त्याला."

सचिवांनी पेपरची घडी केली. इकडं तिकडं बघितलं. मग हसले. "तुम्ही बाजारातले जुने माणूस ना? तुम्हाला मी काय सांगावं." असं म्हणून त्यांनी खुर्चीच्या हातावर पडलेला टॉवेल घेतला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि तो हात बापुढं केला.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. ते कुठल्यातरी गावातून, कुठल्यातरी बैलाच्या मागूनच वर आलेले होते. स्टेजवर माझा हात का मागं आला ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं. हे मला त्या व्हरांड्यात कळलं. पण खरं सांगायचं तर दुसऱ्याच क्षणी मला हायसं वाटलं. रुमालाखालचं काम असेल तर बा हरत नाही, हे मला माहीत होतं. माझी जागा मला तिथंच, त्या टॉवेलाखाली दिसायला लागली.

बाचा हात टॉवेलाखाली गेला. टॉवेल हलला. "यंदा हळद कशी आहे तुमच्याकडं?" सचिव म्हणाले. रीतीप्रमाणं बानं हळदीचं काही उत्तर द्यायला हवं होतं. त्यानं दिलं नाही. टॉवेल पुन्हा जरासा हलला. बाचा हात बाहेर आला. तो उठला. "येतो साहेब," म्हणाला. 'न्हाई जमत' म्हणाला नाही. मान हलवली नाही.

तरी मी घाबरलो नाही. मला पुढचं पाठ होतं. आता बा चालू लागणार, पाय जड टाकणार, फाटकापाशी रेंगाळणार, मागून हाक येणार. मी त्याच्या मागं निघालो आणि त्याच्या पायांकडं बघत राहिलो. पाय जड पडत नव्हते. तो भराभर चालला होता. त्यानं फाटकाची कडी काढली. आणि हाक आली. मी खोटं सांगत नाही, हाक आली. "अहो, बसा तर! बोलू की!" सचिव व्हरांड्याच्या कडेला उभे राहून हाक मारत होते. मी बाचा सदरा ओढला. "बा, हाक आली. बा." बा वळला नाही. रस्त्यावर गेला तो थेट स्टँडवर थांबला.

स्टँडवर त्यानं मला गरम भजी घेऊन दिली. मी घेतली नाहीत. त्यानं पुडा माझ्या मांडीवर ठेवला, तो तसाच तेलकट होत राहिला.

"किती म्हणला तो?" मी विचारलं.

"चल, गाडी लागली," बा म्हणाला.

किती म्हणाला ते आजवर कळलं नाही. याडीला नाही कळलं, सरांना नाही. टॉवेलाखाली दोन हात होते, त्यातला एक सांगणार नव्हता आणि दुसऱ्याला विचारायला मी पुन्हा कधी गेलो नाही. सातवी संपली, मी बाबरोबर बाजारात उभा राहू लागलो. वाठोरे सरांची बदली झाली. जाताना ते तांड्यावर आले, बाशी बोलले नाहीत, मला आपली डिक्शनरी देऊन गेले. पुढं बैल कमी होत गेले, ट्रॅक्टर आले. मी हळदीत शिरलो. आधी दुसऱ्याच्या आडतीवर, मग स्वतःच्या. मोंढ्यात माझ्याशी सौदा करायचा म्हटलं की माणसं आधी चहा पिऊन येतात. मी ओरडतो, पोतं लाथाडतो, उठून जातो, हाक आली की वळतो. यात मी कुणाला लुबाडलं नाही आणि कुणाला सोडलंही नाही. पण दरवेळी वळताना मनात तेच यायचं. ह्या माझ्या बानं शिंग मोडलेल्या म्हाताऱ्या बैलासाठी अर्धा दिवस उन्हात उभं राहून बोली चढवली. माझ्यासाठी एकदाही नाही.

म्हातारपणी बा माझ्याकडं हिंगोलीत आला. डोळे गेले होते, कान शाबूत होते. दुपारी मी जेवायला घरी यायचो तेव्हा तो बाहेरच्या खोलीत कॉटवर बसलेला असायचा. अशाच एका दुपारी, त्या दिवशी मोंढ्यात माझं कुणाशी तरी वाजलं होतं, मी ताटावर बसायच्या ऐवजी त्याच्यापुढं जाऊन बसलो आणि विचारलं. किती म्हणाला ते नाही विचारलं. विचारलं, हाक आली तेव्हा वळला काहून नाहीस?

त्याला कुठली हाक ते सांगावं लागलं नाही.

"काय व्हतं," बा म्हणाला, "बाजारात हात घातला की मला ठाव असतं, म्या इकून राहिलो का घिऊन राहिलो. त्या दिवशी त्यानं बोट दाबलं, आन् मला समजंच ना. बाजूला तू बसलेला. मला वाटलं, म्या तुला इकून राहिलो का काय."

"घेत होतास, बा!" मी ओरडलो. आतून माझी सून बाहेर आली, मी तिला हातानं परत पाठवलं. "माझ्यासाठी घेत होतास तू. शिक्षण घेत होतास. विकत कुठं होतास मला? एवढं कळलं नाही तुला? बैलाचे दात अंधारात ओळखायचास तू!"

 बाचे ओठ हलत होते, जसा काही तो हिशेब पुन्हा लावून बघत होता. मी पुढचं सगळं तयार ठेवलं होतं. तो काय म्हणेल आणि त्यावर मी काय म्हणेन, ते सगळं कित्येक वर्षांचं साठलेलं होतं. तो म्हणेल अपमान झाला, मी म्हणेन कुणाचा. तो म्हणेल पैसा नव्हता, मी म्हणेन मागायचा होतास. दिवसभर पुरलं असतं.

"तसं व्हय," बा म्हणाला. "मंग चुकलं माझं."

आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं. त्यानं ते सावकाश पिऊन भांडं माझ्या हातात परत दिलं, आणि ताट वाढलंय ना, जेवून घे, म्हणाला.

बा जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांचे डोळे भरून येतात, काय देवमाणूस होता म्हणतात. असेल. मला शिकायचं होतं. मला त्याच्याशी अजून भांडायचं आहे, आणि त्यानं भांडायला काही ठेवलं नाही.